हजेरीपटात आहे तेवढंच

चि. लेकीस,

रविवारी लातूरला आलीस, चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाहीस. शेंद्र्याच्या तुमच्या कारखान्यातून गेलेल्या वेल्डरला कामावर घ्यावं का, अशी पुण्याच्या कारखान्याकडून चौकशी आलीय, आणि तुमचे साहेब म्हणतात, "नुसत्या नोकरीच्या तारखा सांग, बदनामीची कोर्टकचेरी नको." तेव्हा मी गप्प बसलो. ते बरं केलं नाही.

तारखा सांगून हात झटकणं मला पटत नाही. उद्या तिथल्या शेडमध्ये गॅस कटर याच माणसाच्या हातात असणार, म्हणून ते विचारतायत. सांग. पण डोळ्यांनी पाहिलं, हजेरीपटात आहे, तेवढंच सांग.

साहेबांनी तुला कायदा अर्धाच सांगितला. बदनामीचं कलम आधी 1860 च्या भारतीय दंड संहितेचं 499 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याजागी भारतीय न्याय संहितेचं 356. बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद, हे खरं. पण त्याच कलमात अपवाद आहेत. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं हित जपायला सद्भावनेनं बोललेलं बदनामीत येत नाही. उदाहरणही कसं दिलंय बघ: दुकानदार आपल्या कारभाऱ्याला सांगतो, अमक्याला रोखीशिवाय माल देऊ नको, त्याच्या सचोटीचा मला भरवसा नाही. वाचताना मला आपली अडतच दिसली.

खोच त्या 'सद्भावने'त आहे. मनात वाईट नव्हतं, एवढ्यानं भागत नाही. पुरेशी काळजी न घेता खरी मानलेली गोष्ट कायदा सद्भावनेची धरतच नाही. म्हणजे पुन्हा तेच, बाई. पाहिलं तेवढंच.

माझं ऐक. दालमिलमध्ये होतो तेव्हा बारदाना चाळीस पोत्यांनी कमी भरला. गोदामावरचा माणूस नुकताच सोडून परभणीला निघालेला. तिकडून फोन आला. मी म्हणालो, "माणूस कामाचा आहे, पण बारदान्याचं जरा जपून." पोती मी मोजली नव्हती. एका हमालानं सांगितलं, मी पुढं ढकललं. ऐन तुरीचा हंगाम, फाटकाबाहेर गाड्यांची रांग, मोजायला वेळ कुणाला होता? (हे मी अजून स्वतःलाही असंच सांगतो.) दिवाळीच्या साफसफाईत चुनीच्या ढिगाखाली पोती सापडली. चाळीसच्या चाळीस, उंदरांनी कुरतडलेली.

त्यानं माझ्यावर दावा लावला नाही. नोकरी का हुकली हे त्याला कुणी सांगितलंच नाही, तर दावा कशाचा लावणार? म्हणून 'संरक्षण आहे का, संरक्षण आहे का' असं तू तीनदा विचारलंस तेव्हा माझं डोकं फिरलं. मला कुठं कोण धरायला आलं?

आता तुझा वेल्डर. जूनमध्ये नऊ दिवस न कळवता गैरहजर, हे हजेरीपटात आहे ना? सांग. जॉइंट चांगले मारायचा, हे तू स्वतः तपासलंस ना? तेही सांग, ते का गिळतेस? 'पितो म्हणतात' हे मात्र तोंडातून काढू नको. तू त्याला पिताना पाहिलंस का? नाही ना? मग विषय संपला. आणि तुमच्या एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सावध राहा' म्हणून फोटो टाकणं तर अजिबात नाही. ज्यानं विचारलं, ज्याचं काम आहे, त्यालाच सांगायचं. चावडीवर बोललीस तर तो अपवाद सांगायला तोंड उरणार नाही.

फोनवर नको, ईमेलवर लिही. प्रत जवळ ठेव. तो वेल्डर उद्या फाटकावर येऊन म्हणाला, "ताई, माझ्याबद्दल काय लिहिलंत?" तर त्याच्यासमोर वाचून दाखवता येईल असं लिही.

परभणीला मी पुन्हा फोन केला नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ती मिलच बंद पडली. तुला पुण्याहून फोन येऊन आठवडा झालाय. उद्या सकाळी मस्टर काढ आणि लिहायला बस.

तुझा काका