हमालाचं ‘कार्य’ शून्य कसं?

कोल्हापुरातल्याच एका वाचकानं विचारलंय: “मुलगी नववीत आहे. ‘डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या हमालाने केलेले कार्य शून्य’ असं ती मोठ्यानं वाचत होती. माझ्या वडिलांची हयात शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे वाहण्यात गेली. ते भडकले, ‘मग आम्हाला हमाली कशाची देत होते?’ यात शब्द चुकलाय की विज्ञान?”

दोन्ही बरोबर आहेत. वाक्य तेवढं आळशी आहे.

भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन, म्हणजे वस्तू त्या दिशेनं किती सरकली ते. फ्रान्सच्या कोरिओलिस या शास्त्रज्ञानं १८२०च्या दशकात या राशीसाठी फ्रेंचमधला रोजचाच ‘काम’ हा शब्द घेतला. त्याच्यासमोर यंत्रं होती. यंत्रानं किती वजन किती उंच चढवलं, ते त्याला मोजायचं होतं. यंत्राला घाम येत नाही, त्यामुळं घामाचा हिशेब त्या व्याख्येत कधी आलाच नाही.

मराठीनं मात्र ‘काम’ न घेता ‘कार्य’ घेतलं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. आपण बोलताना कार्य कुठं वापरतो? ‘आमच्याकडं कार्य आहे’ म्हणजे लग्न किंवा मुंज. ‘आज यार्डात दिवसभर कार्य केलं’ असं कुणी म्हणत नाही, तिथं कामच. शिवाय कार्य-कारणाची जुनी जोडी आहेच. न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, जुनं तर्कशास्त्र) माती कारण आणि घडा कार्य. कुंभाराचे हात किती दुखले हा प्रश्न तिथं नसतो. जे घडून आलं ते कार्य. विज्ञानाला हवा असलेला अर्थ या शब्दात आधीपासून मुरलेला होता.

मग घोटाळा कुठं झाला? कर्त्यात. व्याख्येत कार्य करतं ते बल, माणूस नव्हे. पुस्तकानं ‘हमालाने केलेले कार्य’ लिहिलं आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात कार्याचं पुन्हा काम झालं.

हिशेब करून बघू. ३० किलोचा रवा (परगावच्यांसाठी: शिऱ्याचा नव्हे, गुळाची ढेप) जमिनीवरून १.७ मीटर उंच, डोक्यावर घेतला, की ३० × ९.८ (हा आकडा गुरुत्वाकर्षणाचा) × १.७, म्हणजे सुमारे ५०० ज्यूल (कार्य आणि ऊर्जा मोजायचं एकक) कार्य झालं. तेवढं वडिलांच्या खात्यावर नक्की. पुढं सपाट फरशीवरून ट्रकपर्यंत एकाच चालीनं जाताना त्यांचं बल रव्याला वर पेलतंय आणि रवा सरकतोय आडवा. बलाच्या दिशेनं विस्थापन नाही, म्हणून त्या टप्प्याचं कार्य शून्य. तरी मान भरते, दम लागतो, कारण ओझं नुसतं पेलून धरायलाही स्नायूंचे तंतू सारखे आखडत राहतात. त्यात ऊर्जा जाते, तिची उष्णता होते. ती अंगात खर्च होते, रव्याला मिळत नाही. (एका शेंगदाण्यात त्या ५०० ज्यूलच्या वीसपटीहून जास्त ऊर्जा असते. पण हे वडिलांपुढं बोलू नका.)

जाता जाता ‘शक्ती’चं. तालमीत शक्ती, ताकद, बळ सगळं एकच. पुस्तकात मात्र बल वेगळं, ऊर्जा वेगळी, आणि शक्ती म्हणजे कार्य किती वेगानं झालं ते. तेच ५०० ज्यूल एका सेकंदात केले तर शक्ती ५०० वॅट, दोन सेकंदांत केले तर २५०. मोटारपंपाची अश्वशक्ती हीच. ‘जोर’ तेवढा पुस्तकात परिभाषा म्हणून गेला नाही, तो आखाड्यातच राहिला.

मुलीला वहीत वाक्य असं लिहायला सांगा: ‘सपाट रस्त्यावरून एकाच चालीने चालताना, ओझे पेलणाऱ्या बलाने ओझ्यावर केलेले कार्य शून्य असते.’ लांबलंय खरं, पण यात हमालाला कुणी रिकामटेकडा म्हटलेलं नाही. हे वडिलांना वाचून दाखवायला हरकत नाही.