‘मला लॉजिकच नाही’ हे सिद्ध करणारा मुलगा

“मॅडम, मला लॉजिकच नाही.” बँकांच्या परीक्षा जवळ आल्या की पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. दिवसाचे दहा तास अभ्यासिकेत बसणारी, मेसच्या डब्यावर राहणारी, घरून आलेल्या पैशांचा हिशेब ठेवणारी ही मुलं. गणित बरं असतं, चालू घडामोडी पाठ असतात. पण ‘विधाने आणि निष्कर्ष’ आलं की पेन थांबतं. त्यांच्या भाषेत सिलॉजिझम, मराठीत संवाक्य: दिलेली विधानं खरी धरायची आणि त्यांतून कोणता निष्कर्ष निघतो ते ओळखायचं. पूर्वपरीक्षेत रिझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण वजा. मग चार प्रश्न चुकले की मुलं ‘प्रश्न चुकले’ म्हणत नाहीत, ‘माझं डोकंच कमी’ म्हणतात.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय २३, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, दोनदा पूर्वपरीक्षेत अडकलेला. पहिल्या भेटीत त्याने सराव परीक्षेची उत्तरपत्रिकाच टेबलावर ठेवली. मी मनाचा ठाव घेण्याआधी ती वाचली, आणि ते बरं झालं.

त्याच्या चुका विखुरलेल्या नव्हत्या, बहुतेक एकाच जागी होत्या. विधान होतं, “काही डबे बाटल्या आहेत.” त्यावरून त्याने खूण केली होती, “काही डबे बाटल्या नाहीत.”

“हे का निवडलंस?”

“काही आहेत म्हणजे काही नाहीतच ना, मॅडम?”

घरात तो बरोबरच होता. “काही पाहुणे जेवले” असं कोणी म्हटलं तर आपण उरलेल्यांची पानं मांडायला उठतो. परीक्षेतलं ‘काही’ मात्र फक्त ‘निदान एक तरी’ एवढंच सांगतं. बाकीच्यांबद्दल ते गप्प असतं. सगळे जेवले असले तरी ते विधान खरंच ठरतं. म्हणजे चूक त्याच्या डोक्यात नव्हती. तो मराठी नीट बोलतो, म्हणून चुकत होता.

दुसऱ्या प्रकारची चूक याहून जुनी आहे. “सर्व गुलाब फुलं आहेत” यावरून “सर्व फुलं गुलाब आहेत” असं कोणी म्हणणार नाही. पण गुलाबाच्या जागी ओळखीचा नसलेला शब्द आला की वाक्य सहज उलटलं जातं. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे जुन्या तर्कपंडितांनी, यासाठी सुंदर उदाहरण ठेवलं आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. मग जिथे अग्नी तिथे धूर? नाही, कारण लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा: अग्नी आहे, धूर नाही. हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला. त्याच्या आजोळी भाता होता.

प्रश्न सुटायला लागले, पण घाबरणं कमी होईना. तेव्हा मी कागद पुढे केला. “परीक्षेच्या हॉलमध्ये मनात जे येतं, ते विधानं आणि निष्कर्ष करून लिही.”

त्याने लिहिलं: नापास होणारे सगळे हॉलमध्ये गोंधळतात. मी हॉलमध्ये गोंधळतो. म्हणून मी नापास होणार.

मी शेजारी लिहिलं: सगळे कावळे काळे असतात. म्हैस काळी असते. म्हणून म्हैस कावळा.

प्रत्येक गटाला एक वर्तुळ, अशी त्याने दोन वर्तुळं काढली, तिसरं कुठे ठेवायचं हे बघत राहिला आणि स्वतःहून म्हणाला, “दोघं एका गोष्टीत सारखे आहेत, म्हणून एक होत नाहीत.” गोंधळून पास झालेल्यांचं वर्तुळ त्याने मी न सांगता नापासांच्या वर्तुळाबाहेर काढलं. त्या दिवशी मला वाटलं, काम झालं.

झालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो तोच कागद दुरुस्त करून घेऊन आला. “मॅडम, हे तोडून दाखवा.” त्यावर होतं: पास होणाऱ्या सगळ्यांना असे प्रश्न बघताक्षणी सुटतात. मला बघताक्षणी सुटत नाहीत. म्हणून मी पास होणार नाही.

मी वर्तुळं काढली. पुन्हा काढली. कुठेच फट नव्हती. पास होणारे एका मोठ्या वर्तुळाच्या आत, तो त्या मोठ्या वर्तुळाच्या बाहेर; मग आतल्यात तो असूच शकत नाही. अशा वेळी ‘अरे, असा नकारात्मक विचार करू नकोस’ म्हणणं सोपं असतं. तीस वर्षांपूर्वी मी तसंच म्हटलं असतं. पण मुलगा खरं विचारत होता, त्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं.

“तुझा निष्कर्ष अगदी बरोबर निघतोय,” मी म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. “आता मला सांग, ज्याला लॉजिक नाही असा मुलगा इतकं बिनचूक संवाक्य कसं मांडतो?”

तो कागदाकडे पाहत राहिला. बराच वेळ. पंख्याचा आवाज येत होता. मग हळूच म्हणाला, “म्हणजे… लॉजिक आहे. आणि मी ते माझ्याच विरुद्ध वापरतोय.”

ही गोष्ट मी बरीच वर्षं दुसऱ्यांना समजावत होते, पण माझ्याही ती इतकी स्वच्छ लक्षात आली त्याच दिवशी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर मी वाढले. माणसाला त्रास घटनेचा कमी आणि तिच्याबद्दलच्या धारणेचा जास्त होतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण दुःखी माणूस चुकीचा तर्क करतो असं आपण फार पटकन धरून चालतो. अनेकदा तो उत्तम तर्क करत असतो. खोट असते पायाच्या विधानात, आणि त्या विधानात बहुधा एक ‘सगळे’ बसलेला असतो.

“आता हे ‘सगळ्यांना’ तपासायचं कसं?” मी विचारलं.

“कोणालाच बघताक्षणी सुटत नाही, हे दाखवायचं?”

इथे बहुतेक जण थकतात, म्हणून इथे थांबते. ‘सगळे’ खोटं ठरवायला ‘कोणीच नाही’ सिद्ध करावं लागत नाही. एक माणूस पुरतो. तर्कशास्त्रात ‘सर्व’चा खरा विरोध ‘काही नाहीत’ एवढाच आहे. ‘मी हुशार आहे, मी जिंकणारच’ अशी वाक्यं आरशासमोर म्हणायला मी कोणाला सांगत नाही ते याचमुळे. एवढं ओझं उचलायची गरजच नसते.

तो एक माणूस त्याच्याच खोलीवर होता. आदल्या वर्षी निवड झालेला रूममेट हे प्रश्न शेवटी ठेवायचा, प्रत्येकाला वर्तुळं काढायचा आणि वेळ उरला नाही तर सोडून द्यायचा. दोन वर्षं शेजारी झोपून याने कधी विचारलं नव्हतं.

ज्यांची तक्रार हीच आहे, त्यांना माझं सांगणं थोडं आहे. रोज दहाच प्रश्न घ्या, घड्याळ बाजूला ठेवा. निष्कर्ष जगात खरा आहे का हे बघू नका, दिलेल्या विधानांतून तो निघतोच का एवढंच बघा. ओळखीचं वाक्य दिसलं की मन ‘बरोबर’ म्हणून मोकळं होतं. त्यासाठी शब्द खोडून क, ख, ग लिहा. विधानं पाळून, पण निष्कर्ष खोटा पडेल अशी वर्तुळं मुद्दाम काढून पाहा. एकदा जरी काढता आली तर तो निष्कर्ष गेला. दोन्ही विधानं ‘काही’ची असतील, किंवा दोन्ही नकारार्थी असतील, तर त्यांना जोडून ठाम काहीच निघत नाही, उगाच शोधत बसू नका. चुकलेल्या प्रश्नापुढे फक्त फुली नको. कुठला शब्द चुकवला ते लिहा. वेग तीन-चार आठवड्यांनी आपोआप येतो, आधी मागायचा नाही. आणि रात्री झोपताना स्वतःबद्दल आलेलं एक वाक्य त्याच वहीत, त्याच वर्तुळांत मांडून बघा.

तो त्या वर्षी पूर्वपरीक्षा पास झाला, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. निकालानंतर आला तेव्हा डोळे सुजलेले होते. पेढे नव्हते, वही होती. शेवटच्या पानावर त्याने पहिलं विधान लिहिलं होतं: “या वर्षी माझी निवड झाली नाही.” खाली दुसऱ्या विधानाची जागा कोरी होती.

“सुचलं नाही?” मी विचारलं.

“सुचलं, मॅडम. पण त्यात ‘सगळे’ येत होतं.”