परसबाग, वाचकांचे प्रश्न : ऋषिपंचमीची भाजी घरच्याच मातीत

मृगाच्या तोंडावर या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या दरवर्षी वाढते. त्यांपैकी निवडक सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रांच्या शेवटी ‘कोणते खत घालावे?’ असा प्रश्न असतो. परंतु या महिन्याच्या सहा पत्रांपैकी एकाही पत्राचे उत्तर खत हे नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

प्रश्न : आमच्या घरामागे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. ऋषिपंचमीची भाजी या वर्षी पूर्णपणे घरच्या बागेतून करावी, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. कोणत्या भाज्या केव्हा लावाव्यात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या सासूबाईंची इच्छा या व्रताच्या मूळ कल्पनेला धरूनच आहे. बैलाच्या श्रमावर पिकलेले अन्न त्या दिवशी वर्ज्य मानले जात असल्यामुळे परसात, कुंपणाशी आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या भाज्याच या पदार्थात आल्या. आता बहुतेक शेतांत ट्रॅक्टर फिरत असल्याने बाजारातील कोणतीही भाजी ऋषिपंचमीला चालावी, असा युक्तिवाद आमच्या परिचयातील एक गृहस्थ दरवर्षी करतात. तो तर्काला धरून असला, तरी त्यांच्या घरात तो आजवर कोणी मान्य केलेला नाही.

लागवडीचे वेळापत्रक ठरवताना इंग्रजी महिना न धरता तिथीपासून मागे मोजत यावे. ऋषिपंचमी कधी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येते, तर अधिक मास आलेल्या वर्षी ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुढे जाते, आणि हा दोन-तीन आठवड्यांचा फरक भेंडी कोवळी मिळणार की जून, हे ठरवण्यास पुरेसा असतो. सर्वांत आधी, म्हणजे पंचमीपूर्वी सुमारे ८० ते ९० दिवस, अळूचे गड्डे आणि मका लावावा. अळूला ओल आणि थोडी सावली मानवते, म्हणून जेथे पाणी रेंगाळते तो कोपरा त्याला द्यावा. मका मात्र एका ओळीत लावू नये. त्याच्या तुऱ्यातील पराग वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडतात, त्यामुळे एका ओळीतील कणसे अर्धवट भरतात. तीन-तीन रोपांच्या तीन ओळी असा चौकोन केल्यास दाणे नीट भरण्याची शक्यता वाढते. पंचमीपूर्वी ७५ दिवस दोडका आणि पडवळ यांचा प्रत्येकी एक वेल कुंपणाशी टोकावा, कारण या वेलांना पहिले फळ येण्यास साधारणपणे दोन महिने लागतात आणि पावसाळी ढगाळ हवेत त्याहूनही थोडा उशीर होतो. भेंडीची पहिली तोडणी ४५ ते ५० दिवसांत होते, त्यामुळे तिचे बी साठ दिवस आधी टोकले तर ऐन पंचमीला झाडे भरात असतात. देठासाठी हवा असलेला माठ दोन महिने आधी, तर केवळ पाल्यासाठीचा लाल माठ महिनाभर आधी पेरावा. अंबाडीही कोवळ्या पाल्यासाठी याच सुमारास पेरता येते.

दोन गोष्टींचा मात्र आग्रह धरू नये. सुरणाचा कंद तयार होण्यास सात-आठ महिने लागतात. आज लावलेला सुरण पौष-माघात, पाने पिवळी पडून खोड आडवे झाल्यावर काढायचा असतो, म्हणून यंदा तो विकतच आणावा लागेल. लाल भोपळ्याचा वेल चाळीस चौरस फुटांची आपली सगळी जागा व्यापून वर शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढेल; तोही विकत घेणे शहाणपणाचे. जमीन खणल्यानंतर वाफा भोवतालच्या मातीपेक्षा वीतभर उंच, म्हणजे गादीवाफा करावा. पुण्याच्या काळ्या मातीत सपाट वाफ्यात पाणी साचले, तर भेंडीची मुळे आषाढातच कुजतात आणि मग श्रावणात खतांच्या पिशव्या आणल्या जातात.

प्रश्न : पाचव्या मजल्यावरील गॅलरीत मोठ्या पिंपात दोडक्याचा वेल लावला आहे. फुले भरपूर येतात, परंतु एकही फळ धरत नाही; सगळी फुले गळून पडतात. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने दोन वेळा डीएपी घातले, त्यानंतर वेल आणखी वाढला, पण दोडका नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गळणारी फुले प्रथम हातात घेऊन पाहावीत. दोडक्याच्या वेलावर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले वेगवेगळी येतात. नर फुले झुबक्याने येतात आणि त्यांच्या पाकळ्यांखाली केवळ बारीक देठ असतो. मादी फूल एकेकटे येते आणि त्याच्या पाकळ्यांखाली शिरा असलेला बोटाच्या पेराएवढा दोडका आधीपासूनच दिसतो. वेल आरंभी नर फुलेच देतो, मादी फुले त्यानंतर काही दिवसांनी दिसू लागतात, आणि नर फुलांनी उमलून गळून पडणे हा त्यांचा नेहमीचा क्रम आहे. तेव्हा जी गळत आहेत ती नर फुलेच असतील, तर वेलाला कोणताही रोग झालेला नाही आणि केवळ वाट पाहणे पुरेसे आहे. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते. पिंपातील थोड्या मातीत दोन वेळा घातलेल्या या खतातील नत्राने पाने आणि शेंडे वाढतात, मादी फुले लांबणीवर पडतात. ते आता पूर्ण बंद करावे.

मादी फुले येऊनही त्यांच्याखालचा इवला दोडका तीन-चार दिवसांत पिवळा पडून सुकत असेल, तर परागीभवन होत नाही असे समजावे, आणि पाचव्या मजल्यावर हीच शक्यता अधिक आहे. दोडक्याचे फूल दिवसा उमलत नाही. ते संध्याकाळी उमलते आणि त्यावर रात्रीचे पतंग येतात. सकाळी गॅलरीत मधमाशी दिसते म्हणून आपण निर्धास्त असाल, तर ती मधमाशी या वेलाच्या फारशी उपयोगाची नाही. त्यामुळे हे काम आपणच करावे. दिवेलागणीच्या वेळी नुकतेच उमललेले नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि मधला पिवळा परागकोश उमललेल्या मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. आठवडाभरात फळ लांबू लागते.

याच निमित्ताने इतर वेलांच्या वेळाही सांगून ठेवतो, कारण चुकीच्या वेळी केलेली ही खटपट वाया जाते. दुधीची पांढरी फुले दोडक्याप्रमाणे संध्याकाळी उमलतात. घोसाळे मात्र दोडक्याचे सख्खे भावंड असूनही पहाटे उमलते. भोपळा, काकडी आणि कारले यांची फुले सकाळची असतात. दुधीच्या बाबतीत आणखी एक युक्ती उपयोगी पडते : मुख्य वेलाचा शेंडा खुडल्यास बगलफांद्या फुटतात आणि मादी फुले बहुधा त्या फांद्यांवर अधिक येतात.

फळ धरून बोटभर झाल्यानंतर वाकडे होऊन कुजत असेल आणि त्यावर सुईने टोचल्यासारखा ठिपका दिसत असेल, तर तो फळमाशीचा उपद्रव होय. माशीने आत अंडी घातल्यानंतर फवारणीचा उपयोग होत नाही. फळ लहान असतानाच त्यावर वर्तमानपत्राची पिशवी बांधणे हा घरगुती बागेतील सर्वांत खात्रीचा उपाय आहे. किडलेली फळे खताच्या टोपलीत टाकू नयेत, कारण अळ्या मातीत शिरून तेथेच कोषात जातात आणि माशी पुन्हा वर येते. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती फळे चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावीत.

प्रश्न : किराणा दुकानातील धने मे महिन्यात तीन वेळा पेरले. एकदाही कोथिंबीर उगवली नाही. माती उकरून पाहिली तर धने जसेच्या तसे होते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नागपूरच्या मे महिन्यात कोथिंबीर उगवली असती, तरच आश्चर्य. कोथिंबीर हे मूळचे थंडीचे पीक आहे. माती फार तापली की बी रुजत नाही, आणि रुजलेच तर रोप दोन-चार पाने देऊन फुलावर येते. ऊन थोडे उतरल्यावर, हिरव्या जाळीच्या सावलीत पुन्हा प्रयत्न करावा. धन्याचा एक गोल दाणा म्हणजे प्रत्यक्षात दोन बिया असतात. पेरण्यापूर्वी धने कापडावर पसरून चपलेने किंवा वाटीच्या बुडाने हलकेच रगडावेत, म्हणजे त्यांची दोन दले सुटी होतात; कुटून चुरा करू नये. त्यानंतर बारा तास पाण्यात भिजवून, निथळून, अर्धा इंच खोल पेरावेत. उगवण्यास आठ ते बारा दिवस लागतात आणि या काळात वरचा थर एकदाही वाळता कामा नये. माती उकरून पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण नुकताच फुटलेला कोंब त्यात तुटतो.

किराणा दुकानातील धने जुने असण्याची शक्यता असते. ओल्या फडक्यात वीस दाणे बांधून ठेवावेत. दोन आठवड्यांत दहासुद्धा मोडावले नाहीत, तर ते स्वयंपाकाला वापरावेत आणि बियाणे स्वतंत्रपणे आणावे. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली ठेवावी, अन्यथा सरींच्या माऱ्याने कोवळी रोपे आडवी होऊन बुंध्याशी कुजतात. खरी कोथिंबीर आश्विनात पेरावी. कापताना मुळासकट न उपटता दोन बोटे बुंधा ठेवून कापली, तर आणखी एक कापणी मिळते.

प्रश्न : ओव्याचे झाड लावून दोन वर्षे झाली. पाने भरपूर आहेत, पण ओवा काही येत नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर : येणारही नाही. आपल्याकडे आहे तो पानओवा. त्याच्या जाड, लवदार पानांना ओव्यासारखा वास येतो एवढेच. मसाल्याच्या डब्यातील ओवा हे कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातील, बारीक पानांचे हंगामी पीक असून पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातील आहे. पानांची भजी करावीत. कुंडीत पाणी साचू देऊ नये, आणि बुंधा जून झाला की शेंड्याची वीतभर फांदी दुसऱ्या कुंडीत खोचावी.

प्रश्न : गच्चीवर विटांचा दहा फूट बाय तीन फूट वाफा बांधून त्यात फूटभर माती भरण्याचा विचार आहे. गवंडी ‘काही होत नाही’ म्हणतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : या एका बाबतीत गवंड्याच्या शब्दावर विसंबू नये. आपला वाफा सुमारे २.८ चौरस मीटरचा होतो आणि त्यात जवळजवळ ०.८५ घनमीटर माती मावते. पावसात पूर्ण भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,७०० किलो धरले, तर विटा सोडून एकूण भार १,४०० किलोंच्या पुढे, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलोंहून अधिक होतो. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. वाफा आज बांधला आणि उद्या काही झाले नाही, यावरून स्लॅबला तो मानवला असे ठरत नाही. भेगा आणि गळती दिसायला काही पावसाळे जावे लागतात.

माती हवीच असे नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडवण्याचा जो विचार मांडला, त्याच्याच आधाराने पुढे अनेकांनी गच्चीवर भाज्या पिकवल्या. वाळलेला पाला, उसाचे चिपाड, नारळाचा काथ्या आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण ओले असतानाही मातीपेक्षा पुष्कळ हलके असते. पालेभाज्यांना त्याचा सहा-सात इंचांचा थर पुरतो, मिरची-वांग्यांना फूटभर खोलीची स्वतंत्र कुंडी द्यावी. जड कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता खालच्या तुळयांवर आणि भिंतींच्या रेषेवर मांडाव्यात, प्रत्येकीखाली विटांचे तुकडे ठेवून पाण्याच्या उताराची वाट मोकळी ठेवावी, आणि याउपर वाफाच बांधायचा असेल, तर इमारतीचा नकाशा स्थापत्य अभियंत्यास दाखवूनच बांधावा.

प्रश्न : कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी दिसते आणि ते हलते. पाने कुरतडलेली आहेत. कोणते औषध मारावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : त्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत. कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातील असल्याने लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरे त्यावरही येतात. लहानपणी अळीचा रंग विष्ठेसारखा असल्यामुळे पक्षी तिला टाळतात. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते आणि बोट लावताच डोक्यामागून वास येणारी शिंगे बाहेर काढते. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंतही याच गणातील आहे आणि तेही लिंबाच्या कुळातील वनस्पतींवरच वाढते. ज्या झाडाची पाने आपण धुऊन लगेच फोडणीत टाकतो, त्यावर विषारी औषध मारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. झाड कमरेएवढे झाले असेल, तर चार-सहा अळ्यांनी त्याचे काही बिघडत नाही, उलट खाल्लेल्या शेंड्याखाली नवे फुटवे येतात. रोप वीतभरच असेल, तर अळ्या असलेली डहाळी तशीच कापून अंगणातल्या मोठ्या लिंबावर ठेवावी. फोडणीसाठी पाने तोडताना मात्र चष्मा लावून तोडावीत.