तुम्ही पाणी किती वाजता मोजलंत?

प्रश्न : ताई, आमच्या तळ्यातले मासे गेल्या महिन्यात एका रात्रीत मेले. मोठे जवळजवळ सगळे गेले, पिल्लं बरीचशी वाचली. आदल्याच दिवशी दुपारी मी किटने पाणी तपासलं होतं. तापमान 30 अंश, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 11 मिलिग्रॅम, अमोनिया 1 मिलिग्रॅम, पीएच 9. पाणी हिरवंगार होतं, एवढंच. इतका ऑक्सिजन असताना मासे मरतात कसे? कुणी विष घातलं असेल का?

उत्तर : सकाळी तळ्यावर जाऊन ते दृश्य पाहणं काय असतं, मला माहीत आहे. पण कुणावर संशय घेण्याआधी तुमच्याच पत्रातला एक शब्द पुन्हा वाचा : 'दुपारी'. चारही आकड्यांपेक्षा तो मला महत्त्वाचा वाटला.

30 अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून विरघळून साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. 20 अंशांना नऊच्या थोडा वर, गोठायच्या बेतातल्या पाण्यात साडेचौदा. पाणी तापेल तशी ही जागा कमी होत जाते. मग तुमच्या तळ्यात 11 कुठून आले? वरचे साडेतीन हवेने दिलेले नाहीत, ते पाण्यातल्या सूक्ष्म शैवालाने उन्हात तयार केले. तुम्हाला जो आकडा दिलासा वाटला, तो खरं तर शैवाल किती माजलंय ते सांगत होता. सूर्य मावळला की हेच शैवाल ऑक्सिजन बनवायचं थांबतं, पण श्वास घेत राहतं. मासे घेतात, गाळातले जिवाणू तर रात्रभर घेतात. पातळी तासातासाने उतरते आणि सूर्योदयाच्या जरा आधी तळाला जाते. 5 मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे ताणात येतात, 2 च्या खाली त्यांतले फार थोडे टिकतात.

मोठे गेले आणि पिल्लं वाचली, हीही ऑक्सिजन तुटल्याचीच खूण. विषाने सहसा पिल्लं आधी जातात.

आता अमोनिया. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. अमोनियम आयन माशाला फारसा छळत नाही, पण विद्युतभार नसलेला मोकळा अमोनिया कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सरळ रक्तात शिरतो. कुठलं रूप किती, हे पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते सांगणारा आकडा) आणि तापमान ठरवतात. 30 अंशांना पीएच 7 असेल तर मोकळा अमोनिया एक टक्काही नसतो. पीएच 9 झाला की तो चाळीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे त्याच 1 मिलिग्रॅममधला घातक भाग पन्नास पटींनी वाढला. शैवाल दिवसा कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, म्हणून दुपारी पीएच चढतो. तुमचे मासे दुपारी अमोनियाने पोळत होते आणि पहाटे गुदमरत होते. अमोनियाचा आकडा पीएच आणि तापमानाशिवाय कुणी सांगितला, तर मी त्यावर मत देत नाही. तुम्ही तिन्ही लिहिलेत, म्हणून हे उत्तर देता आलं.

नमुना कसा घेतलात, हेही पुढच्या वेळी लिहा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका नदीवर पाठवलं होतं. मासे पाण्यावर तोंडं काढून हवा गिळत होते. मी बादलीने पाणी काढलं, बाटलीत वरून ओतलं, बाटली पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणली. आकडा आला 6.2. तो मी वहीत लिहिला. आमच्या वरिष्ठ बाईंनी वही पाहून एवढंच विचारलं, "मासे काय करत होते?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हा आकडा नदीचा नाही, तुझ्या बादलीचा आहे." दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्या माझ्याबरोबर आल्या. हवा मिसळू नये म्हणून बाटली पाण्याखाली कलती धरून, एकही बुडबुडा न ठेवता भरली, आणि मँगनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड काठावरच घातलं. ऑक्सिजन भरपूर असेल तर गडद तपकिरी साका बसतो, अजिबात नसेल तर पांढरा. आमचा जेमतेम पिवळसर होता. टायट्रेशनला, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून केलेल्या मोजणीला, आकडा आला 1.4. ही पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये दिली, आणि पाण्यात बुडवून ऑक्सिजन मोजणारे आजचे प्रोबही तिच्यावर ताडून पाहता येतात. ते 6.2 मी खोडलं नाही, शेजारी 1.4 लिहिलं. त्या दिवसापासून नमुन्याच्या नोंदीत 'मासे काय करत होते' यासाठी मी एक ओळ ठेवते.

तुम्ही आता करायचं ते असं : आठवडाभर रोज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी आणि दुपारी तीनला, एकाच जागी मोजा. पृष्ठभागाला आणि तळाजवळ, दोन्हीकडे. खाद्य निम्म्यावर आणा, कारण न खाल्लेलं खाद्य कुजताना ऑक्सिजन घेतं आणि शैवालाला खतही पुरवतं. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर तो रात्री चालवा, खास करून मध्यरात्रीनंतर. आणि शैवालनाशक एकदम ओतू नका. सगळं शैवाल एकाच वेळी मेलं, तर ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपेल आणि वाचलेली पिल्लंही जातील.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मुलांना ओढ्यावर नेऊन पाण्याची प्रत दाखवायची आहे, पण उपकरणं नाहीत.

उत्तर : उथळ, वाहत्या जागी बुडालेला दगड उचला आणि खालची बाजू पाहा. बाटलीतला नमुना त्या क्षणापुरतं बोलतो. दगडाखालची अळी तिथे महिनोन्‌महिने राहिलेली असते, त्यामुळे मधल्या एखाद्या रात्री कुणी सांडपाणी सोडलं असेल तर तेही तिला भोगावं लागलेलं असतं.

पाण्यात वाढणाऱ्या तीन कीटकांच्या अळ्या शोधा. स्टोनफ्लायची अळी (दोन शेपट्या), मेफ्लायची (बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले) आणि वाळूच्या कणांचं घरटं पाठीवर वागवणारी कॅडिसफ्लायची अळी, या तिन्ही सापडल्या तर ओढ्यात ऑक्सिजन चांगला आहे असं मुलांना खुशाल सांगा. लाल अळ्या दिसतील. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्याच्या बळावर त्या कमी ऑक्सिजनच्या गाळातही जगतात. मात्र त्या दिसल्या म्हणून पाणी वाईट असं शिकवू नका, चांगल्या पाण्यातही त्या असतात. बाकी कुणीच नसून फक्त त्याच असतील, तेव्हा काळजी करायची. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी 1908-09 मध्ये सजीवांवरून नदीचं प्रदूषण ठरवण्याची पद्धत मांडली, तिच्या मागे हीच नजर आहे.

मोजून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायला लावा. हे मुलं विसरतात.

प्रश्न : आमच्या तळ्याचं पाणी इतकं नितळ आहे की तळ दिसतो. तरी सोडलेले मासे महिनाभरात मरतात.

उत्तर : नितळ म्हणजे निरोगी, असं नेहमीच नसतं. विसाव्या शतकात नॉर्वे-स्वीडनमधल्या हजारो तळ्यांतले मासे आम्लवर्षेने संपले, आणि त्यांतली पुष्कळ तळी आधीपेक्षा नितळ दिसू लागली. पीएच 6 वरून 5 वर आला तर आम्लता दहापट होते. अशा पाण्यात मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून येतं आणि कल्ल्यांवर बुळबुळीत थर साचून मासा गुदमरतो. आधी पीएच पाहा. साडेपाचच्या खाली आला, तर अल्कलिनिटीही (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा. चुना लागेल का आणि किती, हे त्यावरून ठरवू. तोवर नवे मासे सोडू नका.