फ्रेगेझिया : चर्चचे लेकरू आणि दुकानाचे गिऱ्हाईक

प्रश्न : पोर्तुगालविषयी वाचताना गावांच्या संदर्भात ‘फ्रेगेझिया’ हा शब्द वारंवार येतो. तो मुळात चर्चचा शब्द असल्याचे कळले. परंतु शब्दकोशात ‘फ्रेगेश’ म्हणजे गिऱ्हाईक, असा अर्थ दिला आहे. यांचा मेळ कसा घालावा?

उत्तर : दोन्ही अर्थ खरे आहेत आणि त्यांचे मूळही एकच आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘फिलियुस एक्लेसिए’, म्हणजे ‘चर्चचा मुलगा’, असा शब्दप्रयोग होता. ज्या चर्चमध्ये माणसाचा बाप्तिस्मा झाला, लग्न लागले आणि ज्याच्या आवारात त्याला मूठमाती मिळायची, त्या चर्चचा तो मुलगा. बोलता बोलता हे दोन शब्द एकजीव झाले आणि ‘क्ल’चा ‘ग्र’ झाला. नेमका हाच बदल ‘एक्लेसिया’पासून झालेल्या पोर्तुगीज ‘इग्रेजा’ आणि गॅलिशियन (स्पेनच्या वायव्येकडील गॅलिशिया प्रांताची भाषा) ‘इग्रेशा’ या शब्दांतही दिसतो; कोकणीतला ‘इगर्ज’ त्या ‘इग्रेजा’चाच. स्पॅनिशमधील ‘फेलिग्रेस’ या रूपात मुलगा आणि चर्च हे दोन्ही तुकडे अजून ओळखू येतात. पोर्तुगीज ‘फ्रेगेश’ आणि गॅलिशियन ‘फ्रेगेस’ यांत मात्र ‘र’ पहिल्या अक्षरात शिरला, मधले स्वर गळाले आणि जोड दिसेनासा झाला.

अशा लोकांचा समुदाय व त्यांचा परिसर म्हणजे फ्रेगेझिया. पोर्तुगालमध्ये 1916च्या कायद्याने नागरी कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला अधिकृतपणे हे नाव दिले, त्यामुळे आज तिथे निवडून आलेले मंडळ कारभार पाहते, पाद्री नव्हे. 2013च्या फेररचनेत चार हजार दोनशेहून अधिक फ्रेगेझियांच्या 3,092 करण्यात आल्या. गॅलिशियामध्ये ‘पारोकिया’ हा शब्द अधिक चालतो. तिथल्या ग्रामीण माणसाला आपली ओळख सांगताना नगरपालिकेपेक्षा पारोकिया जवळची वाटते.

राहिला गिऱ्हाइकाचा अर्थ. नेमाने एकाच चर्चला जाणारा तो फ्रेगेश, तसा नेमाने एकाच दुकानाची पायरी चढणाराही फ्रेगेश, इतका हा प्रवास सरळ आहे. पोर्तुगालच्या बाजारात मासळीवाली समोरून जाणाऱ्या बाईला ‘ओ फ्रेगेझा!’ अशी हाक घालते, तेव्हा अक्षरशः ती तिला ‘चर्चच्या लेकी’ म्हणत असते. ब्राझीलमध्ये तर फुटबॉलमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याकडून वारंवार हरणाऱ्या संघालाही ‘फ्रेगेस’ म्हणतात. तिथे श्रद्धा उरलेली नाही आणि खरेदीही नाही. नेमाने त्याच दारी येणे एवढाच अर्थ शिल्लक आहे.