अख्ख्या मेंदूचं भरीत करू नका: प्रथिनं, तलफ आणि सीपीपीच्या प्रबंधाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोकेनवरच्या एका पेपरात बीडीएनएफ हे (चेतापेशींना जगवणारं-वाढवणारं) प्रथिन वाढल्यावर रॅटची तलफ वाढली, दुसऱ्यात तेच प्रथिन मेंदूत सोडल्यावर तलफ घटली, मग खरं कुठलं? आणि धुळ्यातल्या कॉलेजात एम.फार्मच्या प्रबंधासाठी उंदरांवर सीपीपी (औषध मिळालेल्या कप्प्याकडे उंदीर ओढला जातो का ते पाहण्याची चाचणी) करून, शेवटी मेंदू काढून एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजण्याच्या चाचणीने) बीडीएनएफ मोजायचं ठरतंय, ते चालेल का?

दोन्ही पेपर खरे आहेत. एलायझाचा बेत मात्र आहे तसा चालणार नाही, आणि दोन्हींचं कारण एकच आहे.

ग्रिम आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं की कोकेन बंद केल्यावर व्हीटीए, न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स आणि अमिग्डाला या मेंदूतल्या बक्षीस-भावनेच्या भागांत बीडीएनएफ आठवड्यागणिक चढत जातं. त्याच काळात रॅटचं लिव्हर (कोकेनसाठी दाबायची दांडी) दाबणंही वाढत जातं. तलफ दिवसांबरोबर विरत नाही, मुरत जाते. याउलट 2007 चं काम कपाळामागच्या भागावरचं, म्हणजे मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवरचं आहे. तिथे कोकेनच्या शेवटच्या सत्रानंतर लगेच एकदाच बीडीएनएफ सोडलं, तर पुढे रॅट लिव्हरकडे कमी वळले. प्रथिन एकच, पण जागा वेगळी आणि वेळही वेगळी. त्याहून बारीक पाहिलं तर एकाच अ‍ॅकम्बन्समध्ये डी1 आणि डी2 पेशी (मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे दोन वेगळे रिसेप्टर असलेल्या) शेजारीशेजारी असतात आणि बीडीएनएफचा रिसेप्टर ट्रकबी त्यांत उलटसुलट काम करतो. डी2 पेशींतून तो काढला तर कोकेनची गोडी घटते, डी1 मधून काढला तर वाढते.

आता अख्खा मेंदू होमोजिनाइझ करून मोजलात तर ते भरीत झालं. वांगं, मिरची, लसूण सगळं एकत्र ठेचल्यावर कुठली मिरची तिखट होती ते सांगता येत नाही. कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसच्या वजनाखाली अ‍ॅकम्बन्सचे दोनचार मिलिग्रॅम बुडून जातात. अशा आकड्यावरून ‘औषधाने बीडीएनएफ वाढलं म्हणून व्यसन कमी झालं’ हा निष्कर्ष आपल्याकडच्या प्रबंधांत वारंवार दिसतो, आणि तो कशावरही उभा नसतो.

बाकीच्या प्रथिनांचीही हीच गत. डोपामिन ट्रान्सपोर्टर म्हणजे बाहेर पडलेलं डोपामिन परत आत ओढणारी मोटर. कोकेन ती अडवतं. अ‍ॅम्फेटामिन ती उलटी चालवतं. (विहिरीवरच्या मोटरची फेज उलटी लागली तर नुसतं पाणी कमी येतं, इथे डोपामिन खरोखर उलट्या दिशेने बाहेर पडतं.) 1996 मध्ये हा ट्रान्सपोर्टर नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्यात डोपामिन पेशींबाहेर किमान 100 पट जास्त वेळ टिकतं आणि कोकेनने त्यांची धावपळ आणखी वाढत नाही. सगळ्यांना वाटलं विषय संपला. पण 1998 मध्ये दिसलं की हेच उंदीर कोकेन स्वतःहून घेतातच. पुढे 2006 मध्ये ट्रान्सपोर्टर शाबूत ठेवून फक्त कोकेन चिकटण्याची जागा बदललेले उंदीर आले, आणि त्यांना कोकेनची गोडी लागली नाही. जनुक जन्मापासून गायब असेल तर मेंदू दुसरी वाट काढतो. नॉकआउटचा (जनुक काढलेल्या प्राण्यांचा) कुठलाही पेपर वाचताना हे डोक्यात ठेवा.

क्रेब आणि डेल्टा-फॉसबी (जनुकं चालू-बंद करणारी दोन प्रथिनं) ही जोडी परीक्षेत हमखास विचारतात, म्हणून एकदा नीट सांगतो. अ‍ॅकम्बन्समध्ये क्रेब वाढवलं की कोकेनचं आकर्षण कमी होतं, कमी मात्रा तर नकोशी वाटू लागते (1998). कारण क्रेब डायनॉर्फिन हे मेंदूतलं ओपिऑइड वाढवतं आणि ते कापा रिसेप्टरवर जाऊन मजा घालवतं. डेल्टा-फॉसबी उलट: डायनॉर्फिनवाल्या पेशींत ते वाढवलं की कोकेनची संवेदनशीलता वाढते (1999). शिवाय ते चिवट आहे. फॉस कुळातली बाकीची प्रथिनं काही तासांत नाहीशी होतात; हे रोजच्या मात्रेबरोबर साठत जातं आणि मात्रा थांबल्यावरही काही आठवडे राहतं. पण ‘व्यसनाचा स्विच’ हे बिरुद लावू नका. गोड खाणं आणि चाकात पळणं यांनीही ते वाढतं.

आता प्रबंध. कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथअ‍ॅम्फेटामिन, अगदी मिथाइलफेनिडेटसुद्धा एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतात. परवानग्यांच्या कागदपत्रांतच तुमचा वेळ जाईल. निकोटिन घ्या. खान्देशात तंबाखूचं प्रमाण पाहता विषय पटवून देणंही सोपं. कॅफीन घेऊ नका; त्याचा सीपीपी कमजोर असतो आणि मात्रा थोडी चढली की नावड दिसते.

निकोटिनमध्ये सर्वांत जास्त चूक वजनात होते. मात्रा बेसमध्ये (शुद्ध निकोटिनमध्ये) लिहितात आणि बाटलीत मिळतं टार्ट्रेट, म्हणजे त्याचा क्षार. रेणुभार 462.4 असलेल्या निर्जल टार्ट्रेटमध्ये बेस साधारण 35 टक्के असतो. त्वचेखाली 0.5 मिग्रॅ प्रति किलो बेस द्यायचा तर टार्ट्रेट 1.42 मिग्रॅ लागतं. 10 मिली प्रति किलो या हिशेबाने 100 मिली सलाइनमध्ये 14.2 मिग्रॅ. बाटलीवर 498.4 असेल तर ते डायहायड्रेट आहे, 15.4 मिग्रॅ घ्या. द्रावण आंबट असतं. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7.4 ला आणा, नाहीतर सुई टोचल्यावर होणारी जळजळच त्या कप्प्याशी जोडली जाते आणि ‘निकोटिन नावडतं’ असा निकाल हाती येतो. मात्रा दुप्पट-तिप्पट केल्यानेही खरी नावड येऊ शकते. इथे जास्त म्हणजे चांगलं नाही.

पहिल्या दिवशी 15 मिनिटांची मोकळी फेरी. एकाच कप्प्यात 65-70 टक्क्यांहून जास्त वेळ काढणारे उंदीर बाद, आणि हा निकष आयएईसीच्या (प्राणी-प्रयोगांच्या नीतिसमितीच्या) अर्जातच लिहून ठेवा. मग तीन दिवस रोज दोन सत्रं, प्रत्येकी 20 मिनिटं, मध्ये किमान 4-5 तास; एकात सलाइन, एकात निकोटिन. सकाळ-संध्याकाळचा क्रम आणि कप्पा निम्म्या उंदरांत उलटा ठेवा. पाचव्या दिवशी काहीही न टोचता 15 मिनिटं चाचणी. दोन्ही सत्रांत सलाइनच मिळणारा गट हवाच. स्विस अल्बिनो उंदरांची नजर कमजोर असते. काळ्या-पांढऱ्या भिंतींवर विसंबू नका, एका बाजूला जाळी आणि दुसऱ्या बाजूला सळ्यांची फरशी ठेवा.

ऋतूचं भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला जातो, धुळ्यातही फार वेगळं नसतं. लाइट गेली आणि एसी बंद पडला की प्राणीगृह तासाभरात तापतं आणि उंदीर हालचाल कमी करतात. नियंत्रण गट फेब्रुवारीत आणि औषधाचा गट मेमध्ये केलात तर फरक उन्हाचा. सगळे गट एकाच वेळी, मिसळून चालवा.

आणखी एक खाच: सीपीपी ही आठवणीचीही चाचणी आहे. क्रेब आणि बीडीएनएफ दोन्ही आठवण पक्की करण्यात लागतात. तुमच्या औषधाने सीपीपी घटला तर ते गोडी कमी झाल्यामुळे की उंदीर कप्पाच विसरल्यामुळे? नवी वस्तू ओळखण्याची साधी चाचणी वेगळ्या गटावर जोडा.

प्रथिनासाठी वेगळे उंदीर ठेवा. तीन दिवसांत डेल्टा-फॉसबी पुरेसं साठत नाही; पिंजऱ्यातच 10-14 दिवस मात्रा द्या, कारण चाचणीचा अनुभवही फॉस कुळ हलवतो. शेवटच्या मात्रेनंतर 24 तासांनी मेंदू काढा, म्हणजे पूर्ण लांबीचं फॉसबी (डेल्टा नसलेलं) ओसरलेलं असतं. बर्फावर 1 मिमीचे काप घ्या आणि अँटेरियर कमिशर या चेतातंतूंच्या जुडग्याभोवती पंच करा, म्हणजे पोकळ सुईने तेवढाच भाग काढा. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पाहण्याच्या पद्धतीत) डेल्टा-फॉसबी 35-37 किलोडाल्टनला दिसतं. पक्व बीडीएनएफ 14 ला, प्रो-बीडीएनएफ (त्याचं कच्चं रूप) 32 च्या आसपास. 15 टक्के जेल आणि 0.2 मायक्रॉनचा पडदा वापरा, नाहीतर लहान पट्टी पडद्यातून पार निघून जाते. अनेक एलायझा किट हे दोन प्रकार वेगळे करत नाहीत, तेव्हा किटची माहितीपत्रिका वाचूनच पैसे भरा. फॉस्फो-क्रेब (फॉस्फेट लागलेलं, सक्रिय क्रेब) मोजायचं असेल तर मिनिटाचा उशीरही भोवतो. फॉस्फेट निघू नये म्हणून फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट बफरमध्ये आधीच घालून ठेवा, आणि उणे 80 चा फ्रीझर जनरेटरवर आहे ना ते आजच विचारा.

पहिल्या फेरीचे आकडे आले की इथे टाका. गट पाडायच्या आधी टाका, नंतर नाही.