सावधान आणि विश्राम

‘कॅन्सर निघाला म्हणतात, पण आता चारचौघांत बसू कसा?’ मी समुपदेशक. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेले पुरुष हा प्रश्न मला विचारतात तो बहुधा निघता निघता, चपला पायांत सरकवताना. साताऱ्याकडच्या निवृत्त फौजींकडून तर तो इतक्यांदा ऐकलाय की त्यांच्यातल्याच एकांची हकिकत सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाव त्यांना मेजर म्हणतं. खरं तर ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. काही वर्षं बेळगावच्या सेंटरला रंगरुटांना कवायत शिकवणारे उस्ताद होते. वय 66. मेअखेरीस ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेच्या, कार्डावर शस्त्रक्रिया होऊन प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढली. दहाव्या दिवशी लघवीची नळी निघाली आणि गळती सुरू झाली. यात विपरीत काही नव्हतं. मूत्राशयाच्या तोंडाशी लघवी अडवणारी जी व्यवस्था असते, तिचा वरचा भाग ग्रंथीबरोबर जातो आणि सगळा भार खालच्या स्नायूवर पडतो. तो तयार व्हायला बहुतेकांना 3 ते 12 महिने लागतात.

जुलैत ते आले तेव्हा दिवसाला 5 पॅड लागत होते. त्यांनी पाणी जवळजवळ बंद केलं होतं, चहा मात्र चालू. पाणी तोडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई वाढते. वर बद्धकोष्ठ होऊन कुंथावं लागतं, त्याचा दाब पुन्हा तिथेच. म्हणून दिवसभर थोडं थोडं पाणी, झोपण्याआधीचे दोन तास कमी, आणि चहा एकदाच, एवढा बदल आधी केला.

‘व्यायाम रोज तीनशे वेळा करतो, तरी थांबत नाही,’ ते म्हणाले. करून दाखवा म्हटलं, तर उठले आणि सावधानमध्ये उभे राहिले. छाती पुढे, पोट आत, मांड्या ताठ, श्वास रोखलेला. घोळ इथेच होता. पोट आवळलं की दाब खाली मूत्राशयावर येतो आणि जे थांबवायचं तेच गळतं. शिवाय तीनशे वेळा आवळून तो लहानसा स्नायू दुपारपर्यंतच थकायचा. संध्याकाळी पॅड जास्त का लागतात, याचं उत्तर त्यातच होतं.

फिजिओथेरपिस्टबाईंनी सगळं नव्याने बसवलं. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, एक हात पोटावर. वारा अडवताना आवळतो तो भाग आत, वर ओढायचा. 5 सेकंद धरायचं, 10 सेकंद पूर्ण सैल सोडायचं. असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा, बस्स. हाताखालचं पोट मऊच राहिलं पाहिजे, श्वास चालू पाहिजे. लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करायचा नाही. मूत्राशय नीट रिकामं होत नाही. महिन्याभराने हेच बसून, मग उभ्याने. आणि खोकण्याआधी, खुर्चीवरून उठण्याआधी एकदा आवळून घ्यायचं.

‘मेजर, रंगरुटाला तासन्‌तास सावधानमध्ये ठेवलं तर?’

‘चक्कर येऊन पडंल.’

‘मग याला विश्राम कधी?’

ते गप्प बसले. पुढच्या भेटीला वही घेऊन आले. रोजचे पॅड मोजलेले, आणि भिजलेल्या पॅडचं वजन वजा कोरड्याचं, ग्रॅममध्ये. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. घरातल्या लहान काट्यावर हे कुणालाही जमतं.

खरी गाठ वेगळीच होती. दर 15 ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला सलामी देण्याचा मान त्यांचा. यंदा त्यांनी नकार कळवला होता.

‘पॅड लावून झेंड्याला सलामी? एक थेंबही गळताच कामा नये, साहेब.’

‘रंगरुटाचं पाऊल पहिल्या महिन्यात चुकलं तर काय करायचात?’

‘परत करून घ्यायचो. पहिल्या महिन्यात चुकणारच की.’

‘तुमच्या स्नायूची भरती होऊन किती दिवस झाले?’

बराच वेळ ते वहीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘दोन महिनेसुद्धा नाहीत.’

माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दल स्वतःला सोडलेला हुकूम जास्त जाचतो, असं मी मानत आलो आहे. मराठीत तो हुकूम एका अक्षरात मावतो: ‘च’. गळताच कामा नये, हा ‘च’ त्यांना घरात कोंडत होता. चुकणारच, हा ‘च’ त्यांनी शेकडो पोरांना दिला होता, स्वतःला दिला नव्हता. मी काही शिकवलं नाही, त्यांचाच शब्द त्यांच्यापुढे ठेवला. या कामात इतकं नेमकं क्वचितच सापडतं.

त्यानंतर वहिनींना बरोबर आणायला ते तयार झाले. वहिनी म्हणाल्या, ‘हे पडवीत झोपाय लागले, मला वाटलं रानाच्या वाटणीवरनं राग धरला.’ मेजरांनी गादीखालच्या प्लॅस्टिकचं सांगितलं. मग लैंगिक संबंधांचंही बोलणं निघालं, आणि ते निघावंच. ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी लागून असतात. वाचवल्या तरी सावरायला दोन वर्षंही लागू शकतात. वीर्य येत नाही, पण सुखाची संवेदना राहू शकते. गोळ्या असतात, मात्र डॉक्टरांनी दिल्या तरच. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या जिवावर बेततात.

पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन; त्याच्या तपासणीतल्या आकड्याची तुलना शेजाऱ्याशी करू नका, एवढं प्रत्येकाला सांगतो. ग्रंथी काढलेल्याचा आकडा जवळजवळ शून्य हवा. लागोपाठ दोनदा 0.2 किंवा वर आला तर डॉक्टर पुढचं ठरवतात. रेडिएशन घेतलेल्याचा हिशेब निराळा. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, पाठीत नवं दुखणं सुरू होऊन पाय लुळे वाटू लागले, तर समुपदेशकाकडे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

ऑगस्टअखेरीस मेजरांनी वही पुढे केली. 15 तारखेच्या ओळीत लिहिलं होतं: ‘पॅड 3. राष्ट्रगीतात थोडं गळालं. सलामी झाली.’